दांडीवाला हात

प्रसादाच्या रांगेत मिनलचे डोळे टेकडीच्या गणपतीकडे होते आणि कान पुढच्या मायलेकांकडे.

"डावा हात काहून पुढे केला गा रजत? प्रसाद घ्याचा हाये नं! उजवा कर."

"सवय आहे, आई."

मिनलच्या मागचे काका तिच्या खांद्यावरून ओरडलेच, "रजत ठवकर! रणजी खेळलेला आपला डावखुरा स्पिनर!"

"दोनच मॅच खेळलो, काका. मग खांदा गेला."

"दोनच काय म्हणता! त्यातली एक मी पाहिली नं जामठ्याच्या स्टेडियमवर. त्यांचा कॅप्टन आदल्या दिवसापासून आउटच होऊन नव्हता राहिला. यानं असा बॉल वळवला मावशी, का दांडी गुल! आम्ही मूठभर माणसं, पण असे नाचलो का पोलीस धावत आला!"

"खरंच का गा भाऊ? हा तर घरी काही सांगतच नाही."

"गणपतीसमोर खोटं बोलू काय?"

"कोणत्या हातानं वळवला?"

"याच! डाव्या!"

रांग सरकली. पुजाऱ्यानं लाडू उचलला. रजतनं गुमान उजवा हात पुढे केला.

आईनं तो खाली दाबला.

"हा नाही गा. दांडीवाला कर."