दुसरं पान

विमलबाई रोह्याच्या एसटी स्टँडवर पेणच्या गाडीची वाट बघत होत्या. त्यांच्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला कॉलेजच्या दोन पोरी बसल्या होत्या. एकीच्या पायाशी कपड्यांची पिशवी होती.

“पारी, आठ दिवस झाले गो तू कॉलेजात येऊन. सर म्हणाले, गटात पारीच्या जागी दुसरी घ्या.”

“मग घ्या की.”

“सातही जणांनी नाय म्हटलं. पहिलं वर्षभर तास एकत्र, अभ्यास एकत्र, असं ठरलंय ना आपल्या गटाचं?”

“हसायचंपण एकत्रच ठरलं होतं?”

विमलबाईंनी मान रस्त्याकडे वळवली, कान मात्र तिथंच राहिले.

“मी वाडीवरली. इंग्रजी वाचताना अडकले, तर तू तोंडाला ओढणी लावलीस, प्रणिता. मी बघितलं.”

“व्हय. पहिली मीच हसले.”

“मग आता कशाला आलीस?”

“हेच सांगायला. तुझ्या घरी गेले, तर आई म्हणाली, डोलवीला कंपनीच्या कँटीनच्या कामाला निघालीय.”

“तिथं मोठ्यानं वाचायला लागत नाय.”

“सोमवारी गटाचं वाचन हाय. पहिलं पान मी घेतलंय. मी अडकले तर तू हस.”

“मी नाय हसणार.”

“मग नको हसू. पण ये.”

गाडी लागली. विमलबाई उठल्या.

“पोरी, डोलवीला जायचंय ना? हीच गाडी.”

“तुम्ही व्हा पुढं, मावशी,” पारी म्हणाली.

विमलबाई खिडकीपाशी बसल्या. कंडक्टरनं घंटी मारली, तेव्हा खालून पारीचा आवाज आला.

“दुसरं पान कोणाकडं हाय?”