फाटकातल्या बुजगावण्याचा कोट

डॅरेन : चहा राहू द्या, आजी. पेपरात आलेला हा फोटो तुम्हीच काढलाय ना?

हेस्टर : मीच. दर दहा वर्षांनी गावातलं घर न् घर टिपून ठेवते. चर्चचे फोटो सगळेच काढतात हो. दारं, कचऱ्याचे डबे, दोरीवरचे पायमोजे, हे कोण काढणार? मागच्या गल्लीने आलात, म्हणजे दुकानातल्या मॉडने पाठवलं असणार.

डॅरेन : तिनेच. हे घर कुठलं?

हेस्टर : का, विकत घेताय?

डॅरेन : फाटकाला बुजगावणं बांधलंय.

हेस्टर : मे महिन्यात स्पर्धा असते आमची. दारोदार एकेक. जुने कपडे, आत पेंढा. यंदा पहिलं बक्षीस पाद्रीबुवांना. परीक्षक कोण, तर त्यांचीच मेव्हणी.

डॅरेन : याच्या अंगातला कोट माझा आहे.

हेस्टर : असे कोट ढिगाने मिळतात.

डॅरेन : डाव्या कोपराचं ठिगळ बघा. खोगिराचं कातडं आहे ते, माझ्या बापाने शिवलेलं. बायको पोरीला घेऊन पळाली तेव्हा तोच अंगावर टाकून गेली. दोन वर्षं शोधतोय. लॉर्ना नाव तिचं.

हेस्टर : त्या नावाचं इथे कोणी नाही.

डॅरेन : आत्तापर्यंत तोंडाचा पट्टा चालू होता. कोट म्हटल्यावर थांबला.

हेस्टर : माझा कॅमेरा खाली ठेवा.

डॅरेन : हा घ्या.

हेस्टर : फोडलास तू तो.

डॅरेन : खाली ठेवा म्हणालात, ठेवला.

हेस्टर : नीघ माझ्या घरातून. बायकोचा जबडा मोडणाऱ्याला मी घर दाखवेन होय?

डॅरेन : जबड्याचं तर मी काहीच बोललो नाही, म्हातारे.

हेस्टर : हात सोड.

डॅरेन : बटण कुठल्या बोटाने दाबतेस? या?

हेस्टर : सोड म्हणते ना.

डॅरेन : की या?

(हाड मोडल्याचा आवाज. वरच्या मजल्यावर खुर्ची पडते.)

डॅरेन : वर कोण आहे?

हेस्टर : मांजर. मांजर आहे रे. थांब, सांगते. गिरणीवर राहते ती. जुन्या पाणगिरणीवर. या गल्लीने सरळ, ओढ्यापलीकडे.

डॅरेन : गाडी दुकानापाशी आहे. पुढच्या दाराने जातो.

हेस्टर : ते उघडत नाही. नवऱ्याला खांद्यावर नेलं, त्यानंतर बंदच आहे, रंगाने चिकटलंय. आणि गिरणीपर्यंत गाडी जात नाही. मागून पायवाट आहे, पाच मिनिटांची.

डॅरेन : खोटं निघालं तर अजून नऊ आहेत.

हेस्टर : माहीत आहे.

(मागचं दार आपटतं. जिन्यावरून कोणीतरी उतरतं.)

लॉर्ना : मावशी. गेला?

हेस्टर : ओढ्याकडे वळला. पोलिसांना फोन लाव, मला नंबर फिरवता येणार नाही.

लॉर्ना : बोट बघू.

हेस्टर : आधी फोन. एल्सी कुठे?

लॉर्ना : पलंगाखाली. मी खाली यायला उठले, तर तिने पायाला मिठी मारली. खुर्ची त्यातच पडली. मी यायला हवं होतं, मावशी.

हेस्टर : पोरीला अक्कल आहे तुझ्यापेक्षा. लाव फोन.

लॉर्ना : हॅलो... हो, मारहाण झालीय. लवकर या... वीस मिनिटं म्हणतात.

हेस्टर : तोवर परत येईल तो. चूक माझी. गावभर बुजगावणी आणि आपलंच दार रिकामं, फोटोत उठून दिसेल म्हणून मीच तुझ्या मागे लागले. जुने कपडे नाहीत म्हणालीस, तर तो कोट मीच कपाटातून काढून दिला.

लॉर्ना : अजून आपल्याच फाटकाला आहे तो. म्हणूनच पुढचं दार उघडत नाही म्हणालात ना त्याला? काढून आणू?

हेस्टर : नको, त्याच्या नादी लागू नकोस. एल्सीला उचल आणि पुढच्या दाराने पाद्रीबुवांकडे जा. आतून कडी लावून घ्यायला सांग.

लॉर्ना : तुम्हीही चला.

हेस्टर : घर रिकामं दिसलं की तो रस्त्यावर शोधेल. तुम्हाला तेवढ्यात चर्चही गाठता येणार नाही.

लॉर्ना : मावशी, तो तुम्हाला...

हेस्टर : जा गं. पण जाता जाता माझी खुर्ची तेवढी मागच्या खिडकीशी सरकव. आत कोणीतरी बसलंय, हे लांबून दिसलं पाहिजे.