विहिरीवरचा तारा

लातूर जिल्हा झाला त्या वर्षीच्या दुष्काळात, मुरुडला चर्चच्या विहिरीवर, दिवेलागणीला पाण्याच्या रांगेत दोघी बोलत होत्या.

“रिबेकाबाई, नाताळाचा तारा यंदा चर्चवर न्हाई, विहिरीवर लावलाय?”

“अंधारात बायांचे पाय घसरायलेत, नीलाबाई.”

“आन् तुमचा सण?”

“पाळकसाहेबांनी बी हेच इचारलं. म्हनलं, देवाला वाट ठाव हाय, बायांना दिसंना.”

“माळावरून येताना वाटतंय, चांदणीच पानी प्यायला उतरली.”

“कागद जुना हाय त्याचा. वारं आलं की हलतोय.”

“तुमची घागर कुठं हाय?”

“शेवटाला. तारा विझवायला मागं थांबावंच लागतंय.”

“शेवटाला नुसता गाळ येतोय, बाई.”

“रातभर ठेवला की वरचं पानी निवळतंय.”