मीठ कमी पडलं

मंडळी, थोडे पुढे सरका, मागे आयाबाया उभ्या आहेत. हां! आता मला एक सांगा — गंमत म्हणून मारलेल्या थापेचं पाप लागतं का? हसताय? हसा. बाळारामही हसायचा!

पेणच्या खाडीकडचं मिठागरांचं गाव. तिथे एकदा सिनेमावाले आले. गोष्ट काय? तर बुडून मेलेली मुलगी, तिला मिठात पुरतात आणि ती उठून बसते! मीठ वाहायला गावातला बाळाराम. पडद्यावर त्याची नुसती पाठ दिसली — पाठ! पण गावानं ती पाठ ओळखली हो!

झालं! बाळाराम चहाच्या टपरीवर सांगू लागला, "सिनेमा कसला? खरीच बुडालेली पोर होती. दोन तास मिठात ठेवली आणि माझ्या डोळ्यांदेखत उठली!" पहिल्यांदा लोक हसले. दुसऱ्यांदा गप्प बसले. पंधरा वर्षांत गावोगावची माणसं ती गोष्ट एकमेकांना सांगू लागली. खोट्याला, मंडळी, चालायला पाय लागत नाहीत, आपली तोंडं पुरतात.

त्याच गावातला हसुराम. बायको सुगंधा, आठ वर्षांची एकुलती एक पूर्वा. एका दुपारी पोर तळ्यात पडली. बाहेर काढली तेव्हा अंग थंड, ओठ निळे. सुगंधानं नाकाशी बोट धरलं आणि किंचाळली, "श्वास आहे! अहो, बारीक श्वास आहे! रिक्षा आणा!"

रिक्षा समोर उभी होती. दवाखाना वीस मिनिटांवर!

गर्दीतून कोणी ओरडलं, "मीठ! मिठात ठेवा!" हसुराम वळला. समोर बाळाराम. हसुरामनं त्याचे दोन्ही हात धरले. "दादा, तू पाहिलंयस ना? उठते ना पोर? तू सांगशील तसं करतो!"

सगळं गाव बाळारामकडे बघतंय. आता एकच वाक्य बोलायचं होतं — 'मी खोटं बोललो.' किती जड असतं ते? मंडळी, बाळारामला ते उचलवलं नाही. तो म्हणाला, "पाहिलंय."

गोण्या फुटल्या. गळ्यापर्यंत मीठ! सुगंधा दोन्ही हातांनी ते उपसतेय, बायका तिला मागे ओढताहेत. "थांब गं, दोन तास लागतात!" दोन तास झाले. तीन झाले. पोर उठली नाही.

मग रिक्षा निघाली. डॉक्टरांनी पोरीच्या केसांतलं मीठ पाहिलं. म्हणाले, "लगेच का नाही आणलीत? निदान मी झटलो तरी असतो!"

तेराव्या दिवशी बाळाराम सगळ्यांसमोर उभा राहिला. "ती नटी होती! श्वास धरून पडली होती! उठल्यावर माझ्यासमोर वडापाव खाल्ला तिनं! मी थापा मारल्या! मला मारा!"

कोणी मारलं नाही. एक म्हातारा हळूच म्हणाला, "दुःखानं डोकं फिरलंय बिचाऱ्याचं." आणि हसुराम? तो म्हणाला, "तुझी चूक नाही, दादा. मीठ कमी पडलं. अजून दोन गोण्या हव्या होत्या."

त्यानं दुसरं काय म्हणावं, मंडळी? खरं मानलं तर पोर कोणी मारली?

सुगंधा त्या दिवसापासून त्याच्याशी बोललेली नाही. स्वयंपाक करते, ताट वाढते, पण मीठ घालत नाही. तो तसंच जेवतो.

हे मला बाळारामनंच सांगितलं. गावोगाव फिरतो, टपरीवर बसतो, 'ते खोटं होतं' म्हणतो. लोक त्याला चहा पाजतात आणि गप्प करतात. शेजारच्या गावानं तर तळ्याकाठी मिठाच्या गोण्या रचून ठेवल्यात. हसुराम म्हणाला होता ना — दोन जास्त!

आता का हसत नाही कोणी?

'मी स्वतः पाहिलंय' — किती वेळा म्हणालात? रंगात आलेल्या गप्पांत, कोणी मान डोलावली म्हणून? ते खरं धरून कुठे तरी एक बाप बसलाय. तुम्ही त्याला ओळखत नाही, तो तुम्हाला ओळखत नाही. जाल त्याच्याकडे? गेलात तरी ऐकेल? मला नाही वाटत, मंडळी. देवासमोर उभा राहून सांगतो, मला नाही वाटत.

तरी जा. पोर पाण्यात पडायच्या आधी जा.