उपाशीपोटी आमेन

—नाही, नाही, तोंड मिटा, पण बोलू मात्र नका. सुई टोचलीय, हिरडी बधिर व्हायला दहा मिनिटं लागतात, तेवढा वेळ मीच बोलतो. बाहेर नाव लिहून घेतलं ना तुमचं, ती माझी बायको — तिनं सांगितलंच असेल, या माणसानं माझ्यासाठी तीन दिवस उपास काढला म्हणून? सांगितलं ना? सगळ्यांना सांगते! दाढ ठणकत असली तरी आधी माझा पराक्रम ऐकायचा, मग खुर्चीत बसायचं. तीन दिवस कसले हो, दोन रात्री. पण काढला.

माझे बाबा चर्चचे पाळक, म्हणजे पाद्री. घरातला नियम असा, की जेवणाआधी ते प्रार्थना करणार आणि टेबलावरच्या प्रत्येकानं मोठ्यानं आमेन म्हणायचं — एक आमेन जरी कमी पडलं तरी कुणी घासाला हात लावायचा नाही. आणि मी पडलो हिच्या प्रेमात. चर्चच्या पियानोचे सूर जुळवणाऱ्याची मुलगी ही, बाबांच्या प्रवचनात हसली होती — एकदा नाही, दोनदा! मग काय, मंगळवारी बाबांनी डोळे मिटले, अन्नाबद्दल आभार मानले, आणि त्याच दमात — ‘त्या मुलीचं खूळ या पोराच्या डोक्यातून काढून टाक, प्रभू.’ आई आमेन. आजी आमेन — आजी काय, भूक लागली की कशालाही आमेन म्हणायची. मी? मी गप्प.

मामानं शिकवून ठेवलं होतं ना मला! मामा पाळक होणाऱ्यांना ग्रीक शिकवायचा. म्हणायचा, अरे, आमेन म्हणजे ‘संपलं, आता वाढा’ नव्हे. मूळ शब्द इब्री, म्हणजे हिब्रू भाषेतला — अर्थ पक्कं, भरवशाचं, खरं. येशूच्या चरित्राची शुभवर्तमानं लिहिली ग्रीकमध्ये, पण लिहिणाऱ्यांनी हा शब्द तसाच ठेवला. आपण तो दुसऱ्याचं बोलणं संपल्यावर म्हणतो, येशू स्वतःचं बोलणं सुरू करताना म्हणायचा — आमेन, मी तुम्हाला सांगतो! आणि प्रेषित पौल तर करिंथ गावच्या मंडळीला पत्रात विचारतो, तुमची प्रार्थना ज्याला कळलीच नाही तो तिला आमेन म्हणणार कसा? म्हणजे सहीच की ती! न पटलेल्या कागदावर कराल तुम्ही सही? नाही ना? — मान हलवू नका.

तर मंगळवारी उपाशी, बुधवारी उपाशी. गुरुवारी बाबांनी प्रार्थनेतून हिला वगळलं आणि मी असं आमेन ठोकलं की आजीचा चमचा पडला. लग्न बाबांनीच लावलं. त्याही प्रवचनात ही हसली — आणि बाबाही हसले.

आता तुम्हाला बोलता येत नाही म्हणून सांगतो. बुधवारी मी म्हटलं होतं. आमेन. ओठातल्या ओठात. आईनं बटाट्याचा रस्सा केला होता, वाफ सरळ नाकात शिरत होती — निघून गेलं हो तोंडातून! आई-आजीला नाही ऐकू गेलं. बाबा शेजारीच होते. त्यांनी एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बुडालो. तर म्हणतात काय — ‘हा अजून बोललेला नाही. झाका ती भांडी.’ आणि सगळे उपाशी उठलो. तेसुद्धा.

का केलं असेल? मामा म्हणाला असता, पोटानं म्हटलेलं आमेन धरत नाहीत. पण बाबांना खोटी सही नको होती, की माझी लाज राखायची होती? ही तर माझ्याशी लग्नाला उभी राहिली ती त्या न म्हटलेल्या आमेनवर. — तिला सांगाल तर शेजारची चांगली दाढही काढीन, लक्षात ठेवा! — बेचाळीस वर्षं झाली. बाबा त्यानंतर वीस वर्षं होते, रोज समोर जेवायला बसायचे. विचारलं असतं तर सांगितलंही असतं त्यांनी. मीच कधी —

ओठ जड झाला? झाला ना? उघडा तोंड. मोठं. आता मीही बोलत नाही.