अठरा रविवारांचे तिकीट

मला एक सांगा, माणसाने लांबचे तिकीट काढले, पैसे पूर्ण मोजले आणि तो आधीच्याच थांब्यावर उतरला, तर तो चोर होतो का? बसमध्ये होत नाही, मग विमानातच का व्हावा? मी स्वतःला हेच विचारत होतो, अठरा रविवार... आणि उत्तर देणाराही मीच असल्यामुळे निकाल दर वेळी माझ्या बाजूने लागत होता!

तुम्हाला सांगतो, माझे काम काटे तपासण्याचे. औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची भुकटी ज्या काट्यांवर तोलतात ते खरे बोलतात की खोटे, हे मी दर सोमवारी सकाळी सातला जाऊन पाहतो. प्रमाणित वजने पेटीत, पेटी पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर. देवापुढे बसल्याशिवाय मी सकाळी पाणी पीत नाही, आणि कोणाचा पासंग खपवून घेत नाही. कारखाना दुसऱ्या शहरात, म्हणून रविवारी दुपारचे विमान. दर रविवारी!

एके दिवशी कचेरीतला कारकून म्हणाला, "साहेब, जातानाचं थेट तिकीट फार जातंय हो. मर्यादेच्या वरचं तुमच्या पगारातून कापायचं, असं ठरलंय." ठरलंय! कोणी ठरवले? ज्यांना कारखाना कुठे आहे हे ठाऊक नाही त्यांनी! मी स्वस्त तिकीट शोधायला बसलो. कोणी म्हणे पहाटे पाहा, कोणी म्हणे मंगळवारी पाहा, कोणी म्हणे शेजाऱ्याच्या फोनवरून पाहा. पाहिले. भाडे दिसले, चष्मा शोधून आलो, तेवढ्यात भाडे वाढलेले! सौभाग्यवती म्हणाली, "अहो, तुम्ही बघताय हे त्याला कळतं. बघू नका, आपोआप उतरेल." तीन दिवस पाहिले नाही. तीन दिवस ते वाढत होते.

आणि चौथ्या दिवशी दिसले की हेच विमान कारखान्याच्या शहरात थांबून पुढच्या शहराला जाते, आणि त्या पुढच्या शहराचे तिकीट निम्म्याने स्वस्त! जवळ जाणाऱ्याला जास्त, लांब जाणाऱ्याला कमी. असा काटा माझ्यासमोर आला असता तर मी जागच्या जागी मोहरबंद केला असता. पण हा विमानाचा काटा! मी लांबचे तिकीट काढले आणि मध्येच उतरलो. तिकिटावर माझे खरे नाव, खरे वय. खोटे मी एक अक्षर बोललो नाही.

आता ते पुढचे शहर म्हणजे कोणते? माझ्या अक्काचे! थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, वाढवले तिने. आता एकटी असते. यंदा तिच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, आणि दर शनिवारी फोन, "अरे, नवा डोळा मिळालाय मला. त्याला तुझं तोंड तरी दाखवून जा एकदा." आणि मी काय म्हणत होतो? "अक्का, विमानाची भाडी काय झाली आहेत माहीत आहे का? परवडत नाही गं." आता भाडी वाढली होती की नव्हती? वाढली होती! थेट तिकीट परवडत होते का? नव्हते! मी थेट तिकिटाविषयी बोलत होतो. खोटे मी एक अक्षर बोललो नाही...

तिकिटाच्या अर्जात एक रकाना होता, 'उतरण्याच्या शहरातील संपर्क'. दुसऱ्या कोणीही वाटेल तो आकडा ठोकून दिला असता. पण खोटा आकडा लिहिणे माझ्या रक्तात नाही. मी अक्काचा खरा क्रमांक लिहिला. पाहिलेत? सचोटी माणसाला कुठे नेते ते पाहा!

अठरावा रविवार. विमानतळावर खिडकीवरच्या मुलीने पिशवी काट्यावर ठेवली. मर्यादा सात किलो. आकडा आला सात किलो चारशे. ती म्हणाली, "जाऊ द्या काका, एवढं चालतं." शहाण्या माणसाने इथे काय करावे? आभार मानावेत आणि पुढे व्हावे! पण मी म्हटले, "चालतं कसं? बाई, तुमचा काटा खोटा आहे." ती हसली. मी पेटी उघडली, दोन किलोचे वजन काढले, ठेवले. आकडा? दोन किलो चारशे! मागून एक जण ओरडला, "अहो काका, न्याय नंतर करा, विमान सुटेल!" गलका ऐकून तिचा वरिष्ठ आला. "हे काय आहे?" मी म्हटले, "वजने." "कशाला?" "वजन करायला!" तो म्हणाला, "एवढं लोखंड वर नेता येणार नाही. पिशवी खाली, विमानाच्या पोटातल्या सामानात टाका." सतरा रविवार कोणी विचारले नव्हते. मी वाद जिंकलो आणि पिशवी हरलो.

मुलीने पिशवीला चिठ्ठी बांधली. अक्काच्या शहराची! "तिथेच जाताय ना काका?" मी म्हटले, "तिकीट तिथलंच आहे." खोटे एक अक्षर...

बरे, पिशवीमागोमाग पुढे जावे, तर पहाटेच्या परतीच्या तिकिटाला पदरचे पैसे. मी विचार केला, फोन केला की पिशवी सकाळी येईल. उतरलो. विश्रामगृहात जाऊन चहा घेतला.

तीन तासांनी अक्काचा फोन. "कुठे आहेस तू?" विमान कंपनीने तिला कळवले होते की तुमच्या पाहुण्यांची पिशवी आली आहे, पाहुणे सापडत नाहीत. तिला वाटले, मी न सांगता भेटायला निघालो आणि वाटेत माझे काही बरेवाईट झाले. रिक्षा करून विमानतळावर गेली. त्या नव्या डोळ्याने! "बाहेर येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याचं तोंड न्याहाळत उभी आहे मी. शेवटी इथल्या मुलानं यंत्रात बघून सांगितलं, आजी, हे तर दर रविवारी मध्येच उतरतात, अठरा वेळा झालं. खरं आहे का हे?"

"अक्का," मी म्हटले, "खरं आहे."

ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "माझ्या गावची अठरा तिकिटं काढलीस आणि मला सांगितलंस परवडत नाही. आता अठरा वेळा येऊन भरून दे. पिशवी माझ्याजवळ राहील. येशील तेव्हा मिळेल." आणि फोन ठेवला.

तुम्हाला सांगतो, त्या रात्रीपासून... नाही, खरे सांगायचे तर पुढच्या रविवारपासून मी शेवटपर्यंत जातो. अक्का दारात उभी असते. बसवते, माझ्या तोंडाकडे नीट पाहते, आणि म्हणते, "वाळलास." पहाटे हाताला धरून उठवते, पिशवी देते. पहिल्या विमानाने मागे येतो, सातला कारखान्यात हजर. ते पहाटेचे तिकीट सगळ्यात महाग, आणि ते माझ्या पदरचे. संध्याकाळी पिशवी पार्सलने अक्काकडे रवाना, तेही माझ्या पदरचे. अक्का म्हणते, तारण आहे.

सात रविवार झाले. परवा सौभाग्यवती वर्तमानपत्र घेऊन धावत आली, "अहो, नवी विमान कंपनी आली! तुमच्या कारखान्याचं थेट तिकीट, निम्म्याच्याही निम्मं!" मी वर्तमानपत्राची घडी घातली, देवाला हात जोडले, आणि अक्काच्या गावची अकरा तिकिटे एकदमच काढून टाकली.