फाइलवरची वेळ

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे डॉक्टरसाहेब, आमच्या छापखान्याचे मालक, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, आणि चहा लवकर मिळेल या आशेने मागे उभे असलेले माझे बाइंडिंग खात्यातले सोबती,

आज आमच्या संगणक खात्याचे आप्पा निवृत्त होत आहेत. मी डिंकात हात घालणारा माणूस, आणि बोलणार आहे अँटिव्हायरसवर. हसा, हसा! पण संगणकाला त्याच्या रोगांची रोज नवी यादी लागते आणि त्या यादीची फाइल परदेशातल्या कंपनीकडून येते, एवढं आप्पांनी माझ्याही डोक्यात घातलंय. आम्ही तक्रार करायचो, "आप्पा, दुपारी आलेली फाइल सकाळची वेळ दाखवते. शिळा माल पाठवतात की काय?" आप्पा कपाळाला हात लावायचे. "अरे शहाण्यांनो, ती वेळ कंपनीच्या गावची. तिथे आपल्यानंतर तीन तासांनी उजाडतं. तीन मिळवा!"

मागच्या वेळेचं कोडं असं सुटलं. पण फाइलवर पुढची तारीख असली तर? तिथे काय करायचं?

आमचे मुद्रितशोधक काका तुम्हाला आठवत असतील. त्यांच्या संगणकावर एकदा तशी फाइल आली. तारीख पुढच्या आठवड्यातली, वेळ दुपारी बाराची. आप्पा म्हणाले, कंपनीत कुणीतरी माती खाल्ली असेल. आम्ही थट्टा केली, "काका, ही तुमचीच घटका लिहून आलीय!" तो दिवस उजाडला, बारा वाजले, आणि काका खुर्चीतून उठून म्हणाले, "बघा, आहे की अजून!" आम्ही पोट धरून हसलो. तीनच्या ठोक्याला मी प्रुफं आणायला गेलो, तर काका टेबलावर डोकं टेकून बसलेले. हातात लाल पेन, टोपण उघडं. मी हाक मारली. परत मारली. अजूनही मी त्या टेबलाला वळसा घालून जातो.

मग तशी दुसरी फाइल आली, ती थेट आप्पांच्या संगणकावर. आप्पांनी ती पुसून टाकली. दुसऱ्या दिवशीच्या यादीबरोबर ती परत आली. संगणक बदलला, तरी तिथेही हजर. तारीख आजची होती. वेळ, संध्याकाळी सहा.

अध्यक्ष महोदय, आपली चिठ्ठी मिळाली, आटोपतं घेतो. पण खरं सांगू? मला लांबण लावायलाच सांगितलंय. परवा वहिनी आमच्या घरी आल्या. चहाला हात लावला नाही. म्हणाल्या, "भावजी, सहा वाजून जाईपर्यंत यांना माणसांतून उठू देऊ नका. एकटे असायला नकोत हो ते." म्हणून समारंभ आज, म्हणून माझं भाषण शेवटी, आणि म्हणूनच डॉक्टरसाहेब प्रमुख पाहुणे. माफ करा साहेब, साहित्यातल्या तुमच्या कामगिरीबद्दल मी मघाशी ओळख करून देताना जे बोललो, ते सगळं मनचंच होतं.

आता जरा मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. सहा वाजून गेले! आणि आप्पा इथे बसलेत, मांडीवर पुष्पगुच्छ घेऊन, नेहमीसारखे आंबट चेहऱ्याने. वहिनी, डोळे पुसा. मला तर उड्या माराव्याशा वाटताहेत.

तेव्हा मंडळी, मालकांचे, पाहुण्यांचे, माइकवाल्यांचे मनापासून आभार मानतो आणि...

काय आप्पा? बाही सोडा की. काय म्हणता?

मंडळी, आप्पा विचारताहेत, "तीन मिळवलेस का?"

...काकांच्या फाइलवर बारा होते. काका तीनला गेले.

बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. दाराजवळ उभे आहात त्यांनी दार लावून घ्या. चहा जागेवरच येईल, जेवणही मागवू, पण नऊ वाजून जाईपर्यंत कुणी उठायचं नाही. डॉक्टरसाहेब, तुम्ही तर नाहीच. तुमची खुर्ची आप्पांच्या अगदी जवळ घ्या. वहिनी, तुम्ही वर या. त्यांचा हात धरून बसा.

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे डॉक्टरसाहेब, आमच्या छापखान्याचे मालक...